औंधची सरहद्द आणि कुंडलची माती

नकाशावरच्या रेषा राजे आणि मुत्सद्दी आखतात. त्या रेषांच्या अल्याडपल्याड संसार थाटतात ती सामान्य माणसे. रेषा सरकली तरी विहीर, शेताचा बांध आणि पूर्वजांची माती जागच्या जागी राहते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रिओ ग्रांदे नदीच्या वरच्या खोऱ्यात १५९८ पासून स्पॅनिश भाषिकांनी गावे वसविली. १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. माणसे कोठेही गेली नव्हती, तरी देश मात्र बदलला होता. आमच्या वसईकर वाचकांना हे नवल वाटणार नाही. १७३९ मध्ये वसईवरील पोर्तुगीज अंमल संपला, पुढे मराठे गेले, इंग्रज आले. वाड्या आणि चर्चे मात्र तेथेच राहिली.

असाच एक सरहद्दीचा मुलूख सांगली जिल्ह्यात आजच्या पलूस तालुक्यात आहे. स्वातंत्र्यापूर्वी हा भाग इंग्रजी सातारा जिल्ह्याचा. परंतु त्याच्या पोटात कुंडल हे गाव औंध संस्थानचे होते. औंध संस्थान सलग नव्हतेच. औंध, आटपाडी, कुंडल आणि कानडी मुलखातील गुणदाळ असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. शेजारच्या दोन शिवारांतील शेतकऱ्यांची भाषा, देव, सोयरीक सारे एक. सत्ता मात्र वेगळी.

या सरहद्दीचे पहिले मोठे फळ म्हणजे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावातील त्यांच्या लोखंडी नांगराच्या कारखान्याला जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि भांडवलासाठी कर्ज देऊ केले. १९१० मध्ये निवडुंग तोडून, साप मारून, दगडगोटे वेचून वसाहत उभी राहिली. मराठी आणि कानडी मुलखातील माणसे तेथे एकत्र आली. अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तेथील नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणदारीचा विश्वास टाकला. पुढे याच माळावरून ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके मराठी घराघरांत पोहोचली. स्टेशनाचे नावही कालांतराने किर्लोस्करवाडी झाले. उपरी माणसे घामाने त्या मातीची झाली, असेच म्हटले पाहिजे.

दुसरे फळ राजकीय होते. १९३९ मध्ये औंधच्या राजांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि ग्रामपंचायतींच्या हाती कारभार सोपविला. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलचे जी. डी. बापू लाड हे त्यातील अग्रणी. संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांचा हात इंग्रजी मुलखाइतका मोकळा नव्हता. त्यामुळे ज्या रेषेने एकाच पंचक्रोशीचे दोन भाग केले, तीच भूमिगतांना आडोसा देणारी ठरली. मात्र रेषेपेक्षाही मोठा आडोसा होता तो घराघरांतून मिळणाऱ्या भाकरीचा.

येथे इतिहासाची कडू बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्यावरून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांना आणि उद्योगांना आगी लावण्यात आल्या. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीत सापडला. हजारो चुली ज्याच्यावर पेटत होत्या तोच कारखाना जळाला. सुमारे चार दशकांचा शेजार एका बातमीने पुसला जाऊ शकतो, हा त्या ज्वाळांचा धडा होय. कोणी आपल्या मातीचा आहे की नाही, हे त्याच्या जातीवरून ठरवू लागलो की आपलीच माती आपल्याला परकी होते. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला आणि वाडी उजाड झाली नाही. पुनर्बांधणीचे हे श्रेय जितके मालकांचे तितकेच पुन्हा कामावर रुजू झालेल्या कामगारांचे आहे.

त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सरहद्द संपली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. पुढे त्याला सांगली हे नाव मिळाले. माळरानावर पाणी आले, ऊस आणि द्राक्षबागा आल्या. कुंडलच्या सहकारी साखर कारखान्याला जी. डी. बापूंचे नाव आहे.

आता कसोटी सीमेची नाही, पाण्याची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराने भिलवडी आणि आसपासच्या गावांना वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. पूर ओसरला, लोक परतले, त्यांनी चिखल उपसला आणि पुन्हा चूल मांडली. बाहेरच्यांना हा हट्ट वाटतो. परंतु ज्या काळ्या गाळाने घर बुडविले, त्याच गाळावर पीक उभे राहते, हे ती माणसे जाणतात. त्यांना दुसरीकडे जागा देताना केवळ चार भिंती देऊन भागणार नाही. तेथे शेजार, देवस्थान आणि रोजगारही सोबत गेला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरे दोन-तीन पिढ्यांपूर्वी पोटासाठी गाव सोडून आलेली आहेत. कुंडलच्या माळाचा हा इतिहास त्यांनी मुलांना अवश्य सांगावा. आपण जेथे आलो त्या मातीसाठी काय केले आणि आपल्यानंतर आलेल्याला किती जागा दिली, हा प्रश्न मग घरातच विचारला जाईल.