राखेतला सूर

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की आम्ही सहसा चुकवत नाही. निवेदक नाटकाचे, नाटककाराचे, नटाचे नाव सांगतो. पद रंगते, टाळ्या पडतात. पण ज्यांच्या घरातून ती गायकी आली, त्या उस्तादांचे नाव क्वचितच कानी येते. ही खंत मनात घेऊनच आम्ही कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पाहायला गेलो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ही वास्तू आगीत होरपळली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या पाहताना आमच्यापैकी कोणालाच बोलवेना.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे ‘पॅलेस थिएटर’ बांधले. लगतच खासबाग मैदान. इकडे गाणे, तिकडे कुस्ती. महाराजांना दोन्ही प्रिय. त्यांच्याच दरबारचे गवई होते अल्लादियाखाँ. राजस्थानातल्या उनियाऱ्याचा हा कलावंत कोल्हापूरचा झाला. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी देशभर नेली.

रंगभूमीशी या उस्तादांचे नाते वरवरचे नव्हते. भास्करबुवा बखले हे फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तिघांचे शागीर्द. १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या, आणि बालगंधर्वांचे गुरूही तेच. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे अल्लादियाखाँच्या गायकीचे भक्त होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. तेव्हा मराठी रसिकांनी डोक्यावर घेतलेल्या त्या सुरांत आमच्या बुजुर्गांच्या मेहनतीचा वाटा होताच.

कोणी आम्हाला ‘मराठी संस्कृतीत तुमचे काय?’ असे विचारले, तर वाद घालण्याची गरज नाही. एखादे पद ऐकवावे आणि त्याची गुरुपरंपरा सांगावी. मात्र ती परंपरा आधी आपल्या मुलांना ठाऊक हवी. आमच्या घरांतून तरी ही नावे कितीदा उच्चारली जातात?

नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे शासनाने ठरवले. छप्पर, रंगमंच, खुर्च्या पैशाने परत येतात. विसरलेली नावे मात्र आठवणीनेच परत आणावी लागतात. कोथरूडच्या पुढच्या कार्यक्रमाआधी निवेदकाला भेटून एवढेच सांगायचे, असे आम्ही परतीच्या वाटेवर ठरवले.