वाशिमच्या वाट्याचे सात रुपये: मानसिक आरोग्यावरच्या सरकारी खर्चाचा थोडा इतिहास

रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण महिनोन्महिने झोप लागत नसेल, मन खचलेलं असेल किंवा घरातलं कुणी कानात आवाज येतात म्हणू लागलं, तर सरकारी दवाखान्यात कुठे जायचं? वाशिम जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत याचं उत्तर अजूनही "नागपूरला न्या" असंच असतं. हे उत्तर दीडशे वर्षं जुनं आहे. ते बदलायला इतका वेळ का लागतोय, हे पैशाच्या हिशेबातून नीट कळतं.

आधी पैसा भिंतींवर गेला

नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं. रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही बाकीची तीन. कित्येक दशकं राज्याची मनोरुग्णसेवा म्हणजे मुख्यतः ही चार ठिकाणं. 1912 च्या कायद्याचा भर रुग्णाला दाखल कसं करायचं आणि कोणाच्या आदेशाने, यावर होता. त्यामुळे खर्चही इमारत, पहारा आणि जेवण यांवर झाला. 1946 साली भोर समितीने देशातल्या खाटा मोजल्या, तेव्हा सुमारे 40 कोटी लोकांसाठी त्या जेमतेम दहा हजारांवर होत्या. म्हणजे साधारण 40 हजार माणसांमागे एक खाट.

मग विचार जिल्ह्यापर्यंत आला, पैसा मागे राहिला

बहुतेक मानसिक आजारांना खाट लागतच नाही. नैराश्य, चिंतेचे विकार, अगदी स्किझोफ्रेनियासुद्धा बऱ्याच रुग्णांत घरी राहून, नियमित गोळ्या आणि समुपदेशन यांवर सांभाळता येतो. हे ओळखून 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन हा प्रयोग करून पाहिला गेला आणि तो जमतो असं दिसलं. तरीही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू व्हायला 1996 उजाडलं, तोही फक्त चार जिल्ह्यांत. नवव्या पंचवार्षिक योजनेत अख्ख्या देशासाठी 28 कोटी रुपये होते.

6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण त्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना जाब विचारला. त्यानंतरच्या योजनेत जिल्ह्यांची संख्या 27 वरून शंभरावर गेली. म्हणजे शहाणपण 1982 पासून होतं, पण निधी हलला तो एवढी माणसं गेल्यावर.

विदर्भाचं 2006

जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात आपला वाशिमही होता. पैसा प्रामुख्याने व्याजमाफी, सिंचन, बियाणं, फळबाग, जोडधंदे यांच्यासाठी होता. ते गरजेचंच होतं. आत्महत्येमागे एकच कारण नसतं. कर्ज, नापिकी, दारू, घरातला ताण आणि उपचार न झालेलं नैराश्य एकमेकांत गुंतलेले असतात. पण या शेवटच्या धाग्यासाठी स्वतंत्र सेवा उभी राहायला आणखी नऊ वर्षं लागली. 2015 मध्ये राज्याने 14 जिल्ह्यांत, वाशिमसह, 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा ताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं ओळखायची आणि त्यांना उपचारापर्यंत आणायचं, अशी त्याची रचना.

अशी रचना चालते का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गावात माणूस आणि गोळी पोचली की लोक उपचार घेतात, हे यातून दिसलं.

आता तो हक्क आहे

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून लागू झाला. त्यातलं कलम 18 लक्षात ठेवा: सरकारी किंवा सरकारच्या पैशावर चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च सरकारने उचलायचा आहे. पण कायदाही आपोआप चालत नाही. राज्यात त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून मुंबईतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

आता हिशेब बघा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला एका जिल्ह्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त सुमारे 83 लाख रुपये मिळू शकतात, असा केंद्राचा निकष आहे. 2011 च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या सुमारे 12 लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला सात रुपये. तेही पूर्ण रक्कम मंजूर झाली, वेळेवर आली आणि खर्च झाली तर.

तुम्ही काय विचारू शकता

इतिहासात निधी वाढला तो कुणीतरी मोजलं आणि मागितलं तेव्हा. तुम्हीही तेच करू शकता. माहिती अधिकारात तीन साधे प्रश्न विचारा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला यंदा किती मंजूर झाले, किती आले, किती खर्च झाले? मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका यांची किती पदं भरलेली आहेत? तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्य आणि फिट्सच्या गोळ्या किती महिने नव्हत्या? उत्तरं घेऊन ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत आणि जिल्हा परिषद सदस्यांकडे जा. 2024 पासून वाशिममध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या मनोविकार विभागाच्या डॉक्टरांनी मानोरा, मालेगाव, रिसोडला ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण तपासणी करावी, ही मागणी करायची वेळ आत्ताच आहे.

आणि घरात कुणी आत्ताच खचलेलं असेल, जगणं नको म्हणत असेल, तर निधीची वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.