रिकाम्या चाळींचे मालक : प्लेगच्या मुंबईतील एक हिशेब

प्लेगच्या मुंबईविषयी वाचताना आपल्यासमोर डॉक्टर येतात, घरोघर झडती घेणारी पथके येतात, गावाकडे निघालेली माणसे येतात. ज्यांच्या मालकीच्या भिंतींना चुना फासला गेला आणि छपरांची कौले उतरवली गेली, ते चाळमालक मात्र फारसे दिसत नाहीत. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. त्यांची कड घ्यायची म्हणून नव्हे. पण त्यांचे जमाखर्च पाहिल्याशिवाय मुंबईची दाटी उलगडत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. कोकणात आणि घाटावर ज्यांचे घर होते, ते तिकडे गेले. खोलीला कुलूप लावून गेलेला भाडेकरू परतणार की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

आता एक चाळ कल्पून पाहू. चाळीस खोल्या, दर खोलीला महिना अडीच रुपये. (गिरणीतल्या साध्या कामगाराची कमाई तेव्हा दहा-पंधरा रुपयांच्या घरात होती, तेव्हा ‘अडीच रुपयांत मुंबईत खोली’ असे उसासे टाकणाऱ्यांनी हा आकडाही शेजारी ठेवावा.) महिन्याला शंभर रुपये, वर्षाला बाराशे. १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार या वार्षिक भाड्यातून दुरुस्ती व इतर खर्चांपोटी दहा टक्के वजा होत आणि उरलेल्या रकमेवर घरपट्टी आकारली जाई. म्हणजे कायद्याच्या लेखी आपल्या चाळीच्या दुरुस्तीची सूट वर्षाला एकशेवीस रुपये, खोलीमागे तीन. मुंबईच्या पावसात लाकडी खांब, कौले, सामाईक मोऱ्या आणि संडास या रकमेत कसे सांभाळायचे, हा प्रश्न प्लेगच्या आधीपासूनचा होता. बहुतेक मालकांनी तो न सांभाळता सोडवला होता.

आणि भाडे तरी थेट मालकाच्या हाती कुठे येई? अनेक मालक संपूर्ण चाळ ठरावीक रकमेवर एखाद्या ठेकेदाराला देऊन टाकत. ठेकेदार खोल्या भाड्याने लावी; खोली घेणारा पुन्हा आपल्या गावची चार माणसे पोटभाडेकरू म्हणून ठेवी. प्रत्येक पायरीवर थोडा नफा वर जाई आणि धोका खाली सरके. मालक दूर कुठे तरी निर्धास्त राहू शकत होता तो या साखळीच्या बळावर. तळाचा माणूसच निघून गेल्यावर साखळीतल्या प्रत्येकाचे देणे थकले. गिरण्यांत पगार महिन्याचा आणि तोही महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळे, त्यामुळे भाडे थकणे एरवीही नित्याचेच होते. प्लेगच्या हिवाळ्यात कामगार टिकवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. कामगाराला रोखीने थोपवून धरण्याची ही सोय चाळमालकाकडे नव्हती.

खोल्या ओस पडल्या तरी कर उभाच होता. रिकाम्या जागेच्या कराचा परतावा मागण्याची तरतूद कायद्यात होती, परंतु त्यासाठी जागा रिकामी झाल्याची सूचना आधी द्यावी लागे. त्यातच साथरोग कायदा आला आणि मार्च १८९७ पासून जनरल गॅटॅकर यांच्या प्लेग समितीचा अंमल सुरू झाला. उजेड यावा म्हणून छपरांना भोके पाडणे, आडभिंती पाडणे, चुना आणि जंतुनाशके मारणे हे घरोघर चालले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. मालकाच्या दृष्टीने ती तीन अक्षरे म्हणजे थांबलेले उत्पन्न.

इथवर चाळमालकाविषयी थोडी कणव वाटू शकते. पुढचा भाग ती कमी करील.

१८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यास, म्हणजे ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नागपाड्यासारखे गजबजलेले भाग पाडून रस्ते रुंद करायचे, हवा खेळती करायची, हे त्याचे काम. पाडण्यासाठी आधी जागा संपादन करणे आले, आणि भरपाई ठरवताना भाड्याचे उत्पन्न हा मोठा आधार असे. ज्या खोलीत जास्त माणसे कोंबलेली, तिचे भाडे जास्त; आणि जिचे भाडे जास्त, तिची किंमत जास्त. रोगट म्हणून जी इमारत पाडायची, तीच महाग पडे. महापालिकेतही आवाज करदात्यांचा होता, त्यामुळे संपत्तीधारकांची बाजू मांडायला माणसे कमी नव्हती. भाडेकरूला भरपाई नव्हती. न्यासाने पाडली त्या मानाने घरे कमी बांधली. उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. माझ्या मते या काळातला खरा लाभ त्या मालकांना झाला, ज्यांची चाळ न्यासाच्या रेषेच्या जरा बाहेर होती.

कारण माणसे परतली. १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ वर घसरलेला आकडा १९०६ च्या शहरगणनेत ९,७७,८२२ झाला. ज्यांनी पडत्या काळात घर विकले नव्हते, कर्ज फेडत तग धरला होता, त्यांच्या दारात आता भाडेकरू उभे होते. पहिल्या महायुद्धात बांधकाम रोडावले, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मालकाला माणसे हवी होती तेव्हा कायदा स्वच्छतेचा होता. माणसांना मालक हवा होता तेव्हा तो भाड्याचा झाला.

यानंतर सरकारने स्वतःच घरमालक होऊन पाहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे, भाडेही कामगाराला जड होते. एकीकडे शहरात एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत असताना सरकारच्या कितीतरी नव्या खोल्या काही वर्षे रिकाम्याच राहिल्या.