तळटीपेतील साक्षीदार

संशोधनपर ग्रंथातील तळटीप सामान्य वाचकाला रुक्ष वाटते. तिला वगळून तो पुढे जातो. परंतु ग्रंथकाराची विवेकबुद्धी कोठे जागी होती आणि कोठे तिला डुलकी लागली, हे सांगते ती ही तळटीपच. आधार म्हणून कोणता ग्रंथ घ्यावा, हा निर्णय निव्वळ विद्वत्तेचा नसतो. त्यात सवय असते, थोरांविषयीचा आदर असतो, आणि क्वचित धैर्यही असते. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हे याचे बोलके उदाहरण होय.

ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाराजांचा जन्म १६२७ सालचा दिला होता. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतही शके १५४९, म्हणजे तेच साल होते. पुढील लेखकांनी बहुधा तेच साल स्वीकारले आणि आधारासाठी आधीच्या ग्रंथांकडे बोट दाखविले. परंतु एकाचेच सांगणे दहा ग्रंथांनी उतरून घेतले, म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत. शिवाय चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. मूळ घटनेपासून ती सुमारे पावणेदोनशे वर्षे दूर होती.

१९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील हे टिपण. त्यात ना अलंकार, ना स्तुती. शकवार मांडलेल्या कोरड्या नोंदी तेवढ्या आहेत. त्यांतील एक नोंद महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवारी, हस्त नक्षत्रावर झाल्याचे सांगते. इंग्रजी तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०. वार आणि नक्षत्र दिलेले असल्याने ही नोंद गणिताने पडताळून पाहता येते, हे तिचे मोठे बळ.

तरीही एका घरगुती टिपणासाठी रूढ साल सोडण्यास सर्वच विद्वान तयार झाले नाहीत. सर जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या शिवचरित्रात १६२७ हेच साल ठेवले. पुढे महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य १९२७ साली छापले गेले. त्यात शकावलीचीच तिथी निघाली. राजस्थानातील एका जुन्या कुंडलीसंग्रहातही तीच तिथी आढळली. मावळातील देशमुख, दरबारचा कवी आणि दूरदेशीचा ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याचा संभव फार थोडा. स्वतंत्र साक्षींचा असा मेळ बसला, तेव्हा रूढ सालाची बाजू लंगडी पडली.

यामुळे ग्रँट डफचे ऋण फिटले असे नव्हे, की चिटणिसांची बखर टाकाऊ ठरली असेही नव्हे. एका प्रश्नापुरता त्यांचा शब्द उणा पडला, इतकेच. थोरांना वंदन करण्याची जागा प्रस्तावनेत असते; तळटीपेत बोलवायचा असतो तो साक्षीदार. आणि तो कितीही मोठा असला, तरी त्याला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे : तुम्ही हे पाहिलेत, की नुसते ऐकलेत?