गिरगावच्या हवेतला संगणक

दिवाळी अंकांची घाई आणि ऑक्टोबरचा उकाडा मुंबईत एकाच वेळी येतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे हे अंक वाढत गेले तसं गिरगावातल्या छापखान्यांचं वर्षाचं गणित याच दिवसांवर बसलं. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला त्या उकाड्यात घाम फुटायचा, खिळ्यांना काही होत नसे. मी या धंद्यात आले तेव्हा खिळे भंगारात निघाले होते, आणि त्यांच्या जागी आलेलं यंत्र माणसाच्या आधी तापत होतं. मी गिरगावात डीटीपीची कामं घेते. जुना संगणक थंड ठेवायचा आणि त्याच्याकडून वर्षानुवर्षं काम काढून घ्यायचं, ही विद्या गिरगावपासून लालबागपर्यंतच्या खोल्याखोल्यांत तयार झाली. तिची नोंद माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

संगणक आणि उष्णता यांचं भांडण मुंबईला तसं जुनं. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, आर. नरसिंहन यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ बांधला. तो 1960 मध्ये रीतसर कामाला लागला आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी त्याची पोलादी मांडणी होती आणि तिच्यात सुमारे 2,700 व्हॉल्व होते. रेडिओत असायचे तसलेच हे व्हॉल्व. एकेकाचा तंतू तापवायलाच साधारण दोन-अडीच वॅट लागतात. म्हणजे एकही आकडेमोड होण्याआधी पाच-सहा हजार वॅटची ऊब तयार! आणि स्मृती किती, तर 2,048 शब्दांची. 1964 मध्ये त्याच संस्थेत सीडीसी 3600 हे मोठं अमेरिकन यंत्र आलं आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. पण संगणक म्हटला की त्याला वेगळी खोली आणि थंड हवा, ही समजूत पुढे पंचवीस-तीस वर्षं टिकली. बँकांत, विमा कार्यालयांत, कॉलेजांत संगणकाची खोली वातानुकूलित असायची आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. बाहेर काउंटरवरचा कारकून मात्र डोक्यावरच्या पंख्याखाली घामाने भिजलेल्या शर्टात. थंडावा आधी यंत्राला मिळाला, माणसाला नंतर. पुष्कळांना मिळालाच नाही.

ही समजूत मोडली लॅमिंग्टन रोडने. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर होता, त्याच्या नावाचा हा रस्ता. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण शहराच्या रिक्षा नसलेल्या या भागात टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं. इंपीरियल, नाझ, मिनर्व्हा, अप्सरा या थिएटरांच्या रांगेत रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. व्हॉल्व गेले, ट्रान्झिस्टर आले. ट्रान्झिस्टर गेले, चिप आल्या. दुकानं तीच राहिली, काउंटरमागे मुलगा किंवा पुतण्या बसला. 1984 च्या संगणक धोरणानंतर सुटे भाग आणणं सोपं होत गेलं. नव्वदच्या दशकात मदरबोर्ड एका दुकानातून, डबा दुसरीकडून, रॅम तिसरीकडून घेऊन पोटमाळ्यावर यंत्र जुळवून मिळू लागलं. कंपनीच्या यंत्राहून ते खूप स्वस्त पडे, आणि त्यासोबत वातानुकूलन घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. संगणक चाळीत आला, तो चाळीच्या हवेत राहायला.

ती हवा कशी, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. दहा बाय बाराची खोली, अर्ध्या भिंतीपलीकडे ओटा. फोडणीची वाफ फिरून संगणकाकडे येते. देवापुढची उदबत्ती, खिडकीतल्या कबुतरांची पिसं, रस्त्यावरची धूळ, आणि चौपाटीकडून येणारा खारा दमट वारा. नुसती धूळ असती तर फुंकरीने उडाली असती. तेलाची वाफ बसलेली धूळ चिकटते, ब्लोअर मारला तरी हलत नाही. तिला ब्रशच लागतो, आणि हात.

त्यात यंत्रं दिवसेंदिवस जास्त तापट निघू लागली. 486 हा प्रोसेसर पाच-सात वॅटवर भागवायचा; त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि फार तर चिमुकला पंखा असे. 1993 मध्ये पेंटियम आला आणि पंखा कायमचा बसला. 2004 च्या सुमाराची काही पेंटियम 4 यंत्रं तर शंभर वॅट ओलांडत होती; घरातल्या मोठ्या बल्बइतकी उष्णता, आणि ती नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची. हे पंखे काही थंड हवा तयार करत नाहीत. खोलीत आहे तीच हवा ते फिरवतात. ऑक्टोबरात बाहेर 35 अंश असतील, तर पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि डब्यात आणखी दहा-बारा. चिपला स्वतःला वाचवायचं कळतं: ती आधी वेग कमी करते, मग बंद पडते. बिचारा ऑपरेटर समजतो व्हायरस आला, आणि चांगलं चाललेलं यंत्र फॉरमॅट मारून बसतो.

यावर घरोघरी एकच उपाय निघाला. डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढून ठेवायची आणि समोर टेबल फॅन लावायचा. गिरगाव, परळ, लालबाग, कुठल्याही डीटीपीवाल्याकडे जा, त्या वर्षांत डबे उघडेच दिसायचे. अडलेलं काम त्याने निभायचं हे खरं. मी मात्र या उपायाच्या विरुद्ध आहे, आणि मला तसं शिकवलं लॅमिंग्टन रोडच्या एका माळ्यावर बसणाऱ्या दादांनी. त्यांच्याकडे पाटी नव्हती. एक टेबल, सोल्डरिंग गन, ब्रश आणि खोडरबर. “ताई, झाकण उघडं ठेवलं की पुढून आत आणि मागून बाहेर ही हवेची वाट मोडते,” ते म्हणायचे. “फॅनसमोर दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या महिन्यात सगळी खोली त्याच्या पोटात.”

त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा प्रोसेसरचा पंखा उतरवला, तो प्रकार अजून डोळ्यांपुढे आहे. वरून पंखा स्वच्छ होता, मी स्वतः पुसलेला. त्यांनी चार कोपऱ्यांचे प्लास्टिकचे खटके एकेक करून फिरवले, सावकाश. जुनं प्लास्टिक उष्णतेने कडक होतं आणि घाई केली की तुटतं. पंखा उचलला तर त्याच्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी, करड्या धुळीचा घट्ट थर बसलेला. पंखा फिरत होता, हवा एका पात्यातही शिरत नव्हती. तो थर त्यांनी चिमट्याने अखंड सोलून काढला. खाली प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याच्या पापडीसारखी झाली होती, नखाने खरवडली तर भुगा. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून त्यांनी नवी पेस्ट लावली, मुगाच्या दाण्याएवढीच. जास्त लावली तर उलट अडथळा; धातू आणि चिप यांच्यातल्या सूक्ष्म फटी भरण्यापुरतंच तिचं काम. मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासले, कारण खाऱ्या हवेने त्यांच्यावर पुटं चढतात आणि यंत्र नुसतं बीप बीप करत राहतं. कपॅसिटरच्या टोप्या बोट फिरवून पाहिल्या. 2000 च्या आगेमागे जगभर निकृष्ट कपॅसिटर बाजारात आले होते, आणि त्या फुगलेल्या टोप्यांनी आमच्याकडचे कितीतरी बोर्ड खाल्ले. यंत्र जोडून सुरू केलं तेव्हा 80 च्या पुढे गेलेलं तापमान पन्नाशीत आलेलं दिसलं. खर्च काय, तर पेस्टची पुडी आणि त्यांची मजुरी.

पावसाळ्याचा हिशेब वेगळाच. जून ते सप्टेंबर मुंबईत यंत्राचा शत्रू ओल, आणि ऑक्टोबरात ज्या उष्णतेशी झगडायचं तीच जुलैत कामाला येते. काम असो नसो, यंत्र रोज तासभर चालू ठेवायचं, म्हणजे आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. चार महिने झाकून ठेवलेला संगणक गणपतीनंतर सुरू झाला नाही, ही तक्रार दादांकडे दर वर्षी यायची. पावसाळ्याआधी एकदा साफसफाई, घटस्थापनेच्या सुमारास दुसऱ्यांदा. डबा भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर. हे वेळापत्रक कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत नाही, ते इथल्या ऋतूंनी घालून दिलेलं आहे.

जमिनीपासून वर का, ते 26 जुलै 2005 ला सगळ्यांना कळलं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला जेमतेम 73. आमच्याकडे रस्ता ओला, आणि तिकडे परळला हिंदमाताजवळ तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी. पुढच्या दिवसांत दादांचा माळा भिजलेल्या डब्यांनी भरून गेला. ते मदरबोर्ड चक्क स्वच्छ पाण्याने धुवत, मग स्पिरिटने ब्रश मारत आणि बल्बखाली दिवसचे दिवस वाळवत. गढूळ पाणी एकदा लागलंच आहे, आता स्वच्छ पाण्याने नुकसान होत नाही; नुकसान होतं ते वाळायच्या आत वीज दिल्याने. बरेच बोर्ड असे उठले. हार्ड डिस्क मात्र क्वचित वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकंच्या पुस्तकं गेली.

आता प्रश्न असा, की एवढा आटापिटा जुन्याच यंत्रासाठी का? नवा घ्यावा. पैशाचं कारण होतंच, पण आमच्या धंद्यात त्याहून मोठं कारण होतं मराठी अक्षर. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून या भागाने देवनागरी अक्षरावर जीव लावला आहे. संगणकावर तेच अक्षर आलं श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉण्टच्या रूपाने. या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. ज्या यंत्रावर तो फॉण्ट नाही, तिथे तीच फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. त्यातून बरीचशी सॉफ्टवेअरं कुलूपबंद: यंत्राच्या मागे, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला एक छोटी डबी लावल्याशिवाय चालायची नाहीत. नव्या यंत्रांतून तो पोर्टच गेला. पानं लावायच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, आणि फॉण्ट बदलला तरी अक्षर कायम ठेवणारं युनिकोड तिला येत नाही. म्हणून विंडोज एक्सपी असलेला जुना डबा कोपऱ्यात जिवंत ठेवायचा, इंटरनेट न जोडता. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 ला थांबली. माझ्याकडचा कोअर टू ड्युओ आजही एक्सपीवर जुन्या पुस्तकांच्या फायली उघडतो. एखादा लेखक वीस वर्षांपूर्वीच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणतो, तेव्हा मजकूर मिळतो तो याच यंत्रातून.

2020 च्या टाळेबंदीत ही विद्या पुन्हा घराघरांत उपयोगी पडली. शाळा पडद्यावर आल्या, बाजार बंद, आणि माळ्यावर टाकलेले डबे खाली उतरले. रॅम घासून आणि पंखे पुसून मुलांचे वर्ग सुरू झाले. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांतली यंत्रं मी आणि माझ्या भाच्याने स्वयंपाकघरातल्या ब्रशने उभी केली. मला त्या कामाचा आजही अभिमान वाटतो.

आता विंडोज 10 चीही नियमित देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, आणि वाचनालयं, शाळा, लहान कार्यालयं धडाधड यंत्रं बाहेर काढत आहेत. त्यांतली पुष्कळ यंत्रं अजून कामाची आहेत. साधी एसएसडी, थोडी रॅम, नवी पेस्ट आणि लिनक्स घातलं तर ग्रंथालयाची नोंदवही किंवा मुलांचं टायपिंग ती आरामात सांभाळतील. जे खरोखर संपलं असेल ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावं. तारा जाळून तांबं काढणाऱ्याच्या फुप्फुसाचा विचार आपण करायलाच हवा.

माझी विनंती मात्र मुख्यतः छापखानेवाल्यांना, प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना आहे. तुमच्या कोपऱ्यात असा जुना डबा असेल, तर तो देण्याआधी एकदा उघडून साफ करून घ्या, पंखा फिरतो का पाहा, आणि तो थंड आहे तोवर त्यातल्या फायली फॉण्टसकट दुसरीकडे उतरवून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी सॉफ्टवेअरं आज उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. आणि हे काम पावसाळा सुरू व्हायच्या आत करा.