तोडीनंतरच्या फांद्या : राब, वनोपज आणि स्वामित्वाचा प्रश्न

वृक्षतोड झाल्यावर ओंडके वखारीकडे जातात; शेंडे, फांद्या व पाला जागेवरच राहतो. या अवशेषांची विल्हेवाट कोणी व कशी लावावी, हा प्रश्न वरवर पाहता वनव्यवस्थापनातील एक किरकोळ तपशील वाटतो. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने हे अवशेष म्हणजे वणव्याचे इंधन. शेतकऱ्याच्या दृष्टीने सरपण आणि खत. कायद्याच्या दृष्टीने मात्र मालमत्ता. भारतीय वनकायद्याच्या इतिहासात या तिन्ही दृष्टींचा संघर्ष आढळतो, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट रूप उत्तर कोकणातील राबाच्या प्रश्नात दिसते.

झाडापासून विलग झालेली फांदी कोणाची, हा वाद केवळ भारतीय नाही. जर्मनीतील ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळात पडलेल्या काटक्या वेचण्यासही चोरी ठरविण्याविषयी चर्चा झाली, तेव्हा १८४२ मध्ये कार्ल मार्क्स यांनी कोलोन येथील वृत्तपत्रातून तिच्यावर कठोर टीका केली. उभे झाड तोडणे आणि गळालेले लाकूड उचलणे ही दोन भिन्न कृत्ये आहेत, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. याच प्रांतातील बॉन येथे १८२४ मध्ये जन्मलेले डीट्रिच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. गावकऱ्यांच्या रूढ हक्कांना काही स्थान असावे, असे त्यांचे मत होते. तथापि १८७८ च्या वनकायद्यावर बेडन हेन्री बेडन-पॉवेल यांच्या राज्यस्वामित्ववादी भूमिकेचा प्रभाव अधिक पडला.

त्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या कायद्यातील शब्दयोजना या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘इमारती लाकूड’ या संज्ञेत पडलेली वा पाडलेली झाडे आणि कापलेले अथवा न कापलेले सर्व लाकूड येते. ‘वनोपज’ या संज्ञेत वनातील झाडांची पाने, फुले, फळे व इतर सर्व भाग येतात. कलम २६ अन्वये राखीव वनात फांद्या छाटणे हा अपराध आहेच, शिवाय कोणतेही वनोपज गोळा करणे वा हलविणे हाही अपराध आहे. कलम ६९ नुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत वनोपज शासनाचेच असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणजे जमिनीवर पडलेल्या काटकीवरील हक्क सिद्ध करण्याचा भारही ती उचलणाऱ्यावरच पडतो.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भातशेतकऱ्याला हा भार पेलणे कठीण होते. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून ते भाजावयाचे, पहिल्या पावसानंतर तेथे भात पेरावयाचे आणि मग रोपे खाचरात लावावयाची, ही राबाची पद्धत. भाजणीने राख मिळते, तणांचे बी जळते आणि जमीन तापते. ऐनासारख्या झाडांचे टहाळ यासाठी विशेष उपयोगी. खाचराला जोडून वरकस जमीन असे, ती बव्हंशी या राबासाठीच. वनखात्याला यात केवळ झाडांची नासाडी दिसली. शेतकऱ्याला राबाशिवाय भाताचे रोप दिसत नव्हते. तक्रारी एवढ्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राब हा त्यातील एक प्रमुख विषय होता. तत्पूर्वी १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यामुळे चराईला मुकलेल्या गुरांची व्यथा मांडली होती. चराई आणि टहाळ या दोन्ही बाबी एकाच बंदीच्या कक्षेत आल्या होत्या.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ब्रह्मदेशात ब्रँडिस यांच्याच कारकिर्दीत, १८५६ नंतर, ‘टाँग्या’ पद्धत वनखात्याने स्वीकारली. तीत कारेन शेतकरी जंगल तोडत, पडलेल्या फांद्या जाळत आणि त्या राखेत भाताबरोबर सागाची लागवड करीत. तेथे फांद्या जाळणे हे वनसंवर्धन ठरले, कारण अखेरीस उभा राहणारा साग सरकारचा होता. ठाण्यातील राखेतून भात उगवत होते आणि ते शेतकऱ्याचे होते. राबाविरुद्ध मांडलेली झाडांच्या हानीची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती; वारंवार छाटलेले झाड खुरटते हे खरेच. परंतु केवळ तेवढ्याने या दोन धोरणांतील अंतराचा उलगडा होत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचे स्वामित्व मान्य केले आणि त्याच्या व्याख्येत काटक्या-झुडपे व खुंट यांचा स्पष्ट उल्लेख केला. तथापि ही व्याख्या इमारती लाकूड वगळते, आणि १९२७ च्या कायद्यातील ‘इमारती लाकूड’ ही संज्ञा मात्र अतिशय व्यापक आहे. तोडीनंतर उरलेली फांदी या दोहोंपैकी कोणत्या व्याख्येत बसवावयाची, यावर ती वेचणारी व्यक्ती हक्कदार ठरते की अपराधी, हे अवलंबून राहते. ठाण्याच्या शेतकऱ्याने आयोगापुढे मांडलेला प्रश्नही मुळात हाच होता.