मांतुआचें आनंदगृह

लॅटिन भाषेंत ‘लुडुस’ असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ खेळ, आणि दुसरा अर्थ शाळा. हे दोन अर्थ एका शब्दांत सुखानें नांदतात याचें पुष्कळ आईबापांस नवल वाटेल. कारण आपल्या घरांत खेळ आणि शाळा यांचें सहसा पटत नाहीं. त्यांतून मूल विशेष हुशार निघालें कीं पहिली गदा त्याच्या खेळावरच यावयाची! या आपल्या रीतीस सहाशें वर्षांपूर्वींच्या एका इटालियन शिक्षकानें दिलेलें उत्तर आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

व्हित्तोरीनो दा फेल्त्रे हें त्याचें नांव. त्याचा जन्म १३७८ च्या सुमाराचा, आणि घरची स्थिति गरिबीची. गणित शिकावयाचें, पण पंडिताची फी देण्यास जवळ पैसा नाहीं; तेव्हां त्याच पंडिताच्या घरीं चाकरी करून त्यानें ती विद्या मिळविली, असें चरित्रकार सांगतात. १४२३ सालीं मांतुआचा अधिपति जानफ्रांचेस्को गोंझागा यानें आपल्या मुलांच्या शिक्षणासाठीं त्यास बोलाविलें, आणि विस्तीर्ण कुरणांनीं वेढलेला एक विलासमहाल त्याच्या स्वाधीन केला. व्हित्तोरीनोनें तेथील उंची सामान काढून टाकलें. भिंतींवर मात्र खेळणाऱ्या मुलांचीं चित्रें शोभूं लागलीं. ‘ला जोकोसा’, म्हणजे आनंदगृह, या नांवानें ही शाळा प्रसिद्धीस आली.

ऊन असो वा थंडी असो, तेथें रोज मैदानावर जावयाचेंच. चेंडू, धांवणें, कुस्ती, पोहणें, घोड्यावर बसणें, सर्व कांहीं. थोरला राजपुत्र लुडोव्हीको स्थूल, तर त्याचा भाऊ कार्लो किडकिडीत. म्हणून प्रत्येकाच्या प्रकृतीस अनुसरून आहार व व्यायाम ठरविलेला असे. प्राचीन ईजिप्तांत मुलें फळें व माळा वांटण्याच्या खेळांतून हिशेब शिकत, असें प्लेटोनें लिहून ठेविलें आहे. व्हित्तोरीनोनेंही लहानांस अंकगणित खेळरूपानेंच शिकविलें, आणि त्यापुढें भूमितीचीं कोडीं सोडविण्याची गोडी लाविली.

एकदां खेळाच्या वेळीं दोन मुलें बाजूस उभीं राहून बोलत होतीं. चौकशी केली तों तीं धड्यांविषयींच बोलत होतीं! दुसरा गुरु धन्य झाला असता. व्हित्तोरीनोस मात्र तें लक्षण बरें वाटलें नाहीं. त्यानें दोघांसही खेळावयास पिटाळलें.

अशानें अभ्यास मागें पडला काय? आम्ब्रोजो त्राव्हेर्सारी या विद्वान् मठाधिपतीनें शाळेस भेट दिली, तेव्हां चौदा वर्षांच्या जानलुचीदोनें युक्लिडच्या भूमितींत स्वतः भर घातलेलीं दोन प्रमेयें आकृत्यांसह दाखविलीं. त्याची धाकटी बहीण चेचीलिया हिचें ग्रीक भाषेचें ज्ञान पाहूनही तो थक्क झाला. याच शाळेंत शिकलेला फेदेरीको दा मोंतेफेल्त्रो पुढें नामांकित सेनानी झाला, आणि त्यानेंच उर्बीनो येथें इटलींतील एक उत्कृष्ट ग्रंथसंग्रह उभा केला. आपल्या अभ्यासिकेंत थोर पुरुषांच्या चित्रांमध्यें त्यानें गुरूचेंही चित्र लाविलें होतें.

परंतु हें सर्व केवळ राजपुत्रांचें कौतुक असतें, तर त्याची एवढी मातबरी नव्हती. गरिबांचीं हुशार मुलें व्हित्तोरीनो वेंचून आणी. त्यांस अन्न, वस्त्र व पुस्तकें फुकट देई. आणि तीं त्याच मैदानावर राजपुत्रांबरोबर धांवत. शर्यतींत पुढें कोण, हें कुळावरून ठरत नाहीं. तसेंच कोडें कोण सोडवील, हेंही ठरत नाहीं. ही गोष्ट पुस्तकांतून शिकविण्यापेक्षां मैदानावर लौकर शिकतां येते.

१४४६ सालीं व्हित्तोरीनो वारला, तेव्हां त्याच्या मागें धन म्हणून कांहीं उरलें नव्हतें. जें होतें तें या मुलांवर खर्च झालें होतें. बुद्धिमान् मुलास आपण आज जादा शिकवण्या देतों, जादा पुस्तकें देतों. खेळ मात्र परीक्षेच्या यशाचें बक्षीस म्हणून हातीं ठेवतों. आनंदगृहांत खेळ हें बक्षीस नव्हतें. ती बुद्धीची रोजची भाकरी होती. ही भाकरी सर्वांत हुशार मुलाच्या ताटांतूनच प्रथम कां उचलली जावी, याचा विचार प्रत्येक घरानें करावयास हवा.